यासुकुनीचे इंजिन आणि मंगळवेढ्याचे गावकूस

आपल्या शाळेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ग्रंथालयालगतच्या खोलीत ‘शौर्य दालन’ उभारण्याचा ठराव कार्यकारिणीने केला आहे. इतिहासाचा शिक्षक या नात्याने दालनाची मांडणी आणि फलकांचा मजकूर तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. ठरावाला माझा विरोध नाही. वसतिगृहातील मुलांना आपल्या पूर्वजांनी बंदूक पेलली होती, ते रणांगणावर कुणाच्या मागे नव्हते, हे कळावे असे मला फार वर्षांपासून वाटत आले आहे. तरीही काम हाती घेतल्यापासून मन स्वस्थ नाही. त्या अस्वस्थतेचे मूळ २०१८ साली टोकियोत पाहिलेल्या एका युद्धसंग्रहालयात आहे. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा शाळेच्या प्रगतीचा आढावा इतर सहकारी घेतीलच, आपण हेच लिहावे असे ठरवले.

जपानमधील कोयासान येथे विद्यापीठाच्या आवारात २०१५ साली परमपूज्य बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. तो पाहण्यासाठी आपल्या जिल्ह्यातील आम्ही अकरा उपासक-उपासिका एप्रिल महिन्यात गेलो होतो. परतीच्या आदल्या दिवशी टोकियोत अर्धा दिवस मोकळा मिळाला. कुदानशिता स्थानकातून वर आले की समोर चढ लागतो आणि चढावर सुमारे २५ मीटर उंचीचे पोलादी तोरण दिसते. हेच यासुकुनी. चेरीचा बहर ओसरत आला होता, पाकळ्यांचा सडा वाटेवर पडला होता, लोक मुलाबाळांसह निवांत हिंडत होते. आमच्यातील एका ज्येष्ठ उपासिकेने, त्यांना आम्ही सारे आक्का म्हणत असू, पायांतील चपला काढल्या, हात जोडले आणि त्रिसरण म्हणावयास प्रारंभ केला. जपान हा बौद्धांचा देश, समोर देवालय, तेव्हा हे बुद्धाचेच असणार, हा त्यांचा तर्क. मी हलकेच म्हणालो, ‘‘आक्का, हा विहार नव्हे.’’ त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. ‘‘मग इथं कोण आहे?’’

प्रश्न साधा होता, उत्तर लांबलचक होते. आपल्यापैकी अनेकांच्या मनात जपानविषयी जी सरसकट आपुलकी आहे तिच्यामुळे हा भेद नजरेआड होतो, म्हणून ते थोडक्यात सांगतो. १८६८ साली सत्ता सम्राटाकडे आल्यावर नव्या शासनाने शिंतो आणि बौद्ध धर्म यांची फारकत केली. शतकानुशतके एकत्र नांदलेली देवालये आणि विहार वेगळे करण्यात आले. पुष्कळ ठिकाणी बुद्धमूर्ती फोडल्या गेल्या, विहार बंद पडले. त्याच काळात, १८६९ साली, सम्राटासाठी लढताना पडलेल्यांच्या आत्म्यांसाठी हे देवालय स्थापन झाले. १८७९ साली त्याला यासुकुनी हे नाव मिळाले. देशाला शांतता लाभावी असा त्या नावाचा आशय आहे. तेथे कुणाच्याही अस्थी नाहीत. आहेत ती नावे, सुमारे २४ लाख ६६ हजार. ज्याचे नाव त्या यादीत आले तो देव झाला. १९७८ साली तेथे दुसऱ्या महायुद्धातील १४ प्रमुख युद्धगुन्हेगारांची नावेही समाविष्ट करण्यात आली. त्यापूर्वी १९७५ साली सम्राट हिरोहितो तेथे शेवटचे गेले. त्यानंतर एकही सम्राट तेथे गेलेला नाही.

या यादीत सुमारे २१ हजार कोरियन आणि सुमारे २८ हजार तैवानी माणसेही आहेत. त्यांचे देश तेव्हा जपानच्या ताब्यात होते. घरच्यांना न विचारता त्यांना जपानचे देव करण्यात आले. आमच्या वडिलांचे, भावाचे नाव काढून टाका, अशी विनंती घेऊन त्यांची मुले-नातवंडे न्यायालयापर्यंत गेली. काही जपानी बौद्ध आणि ख्रिस्ती कुटुंबेही गेली. देवालयाचे उत्तर असे की, एकदा समाविष्ट झालेला आत्मा इतरांत मिसळून जातो, तो वेगळा काढता येत नाही. माणूस मेल्यावरही तो कुणाचा हे सत्तेने ठरवावे, ही गोष्ट आपल्या समाजाला सांगून समजवावी लागत नाही.

युशूकान हे संग्रहालय याच आवारात आहे. ते प्रथम १८८२ साली उघडले. महायुद्धानंतर ते बंद पडले, १९८६ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि २००२ मध्ये त्याची नव्याने मांडणी झाली. आत पाऊल टाकताच झिरो जातीचे लढाऊ विमान दिसते. पुढे आत्मघातकी हल्ल्यांसाठी बनवलेले ओका नावाचे उडते बॉम्बयान छताला टांगलेले आहे. काइतेन ही माणूस आत बसवून सोडावयाची पाणसुरुंगी नळी जमिनीवर लांबच लांब पसरलेली आहे. ज्यांना ती चालवावी लागली ती मुले वयाने आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांएवढी होती.

शेवटच्या दालनांत मृतांची छायाचित्रे आहेत. भिंती त्यांनी भरून गेल्या आहेत. टपाल तिकिटाहून थोडे मोठे एकेक छायाचित्र, खाली नाव. मधूनच काचेच्या पेटीत नवरीच्या पेहरावातील बाहुल्या. अविवाहित मेलेल्या मुलाला परलोकी सोबत असावी म्हणून आईने वाहिलेली ती वधू. मातांना लिहिलेली अखेरची पत्रेही आहेत. जपानी भाषा कुणालाच येत नव्हती, पण आक्का त्या बाहुल्यांपुढे कितीतरी वेळ उभ्या होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. त्यांचा एक मुलगा सैन्यात आहे. माझेही डोळे कोरडे नव्हते, हे मी मान्य करतो. त्या शोकाची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. मेलेल्या पोराच्या आईचे दुःख खरेच असते, तो कुणाच्या बाजूने लढला यावर ते अवलंबून नसते. आणि म्हणूनच पुढे जे सांगावयाचे आहे ते सांगणे अवघड आहे. कारण हे संग्रहालय त्या खऱ्या अश्रूंच्या आडून आपले सांगणे पुढे रेटते.

बाहेर पडताना पुन्हा प्रवेशकक्षात आलो आणि तेथील वाफेच्या इंजिनापाशी थांबलो. काळेभोर, पुसून लख्ख केलेले, सी ५६ ३१ असा क्रमांक असलेले इंजिन. पूर्वी कुर्डुवाडीला अशी इंजिने पाहिलेली, त्यामुळे आमच्यातील एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आनंदाने त्याच्या चाकांना न्याहाळू लागले. हे इंजिन १९३६ सालचे. युद्धकाळात ते थायलंडला नेण्यात आले. सयाम आणि ब्रह्मदेश यांना जोडणाऱ्या लोहमार्गाच्या उद्घाटनाच्या वेळी ते धावले आणि १९७९ मध्ये स्वदेशी परत येऊन येथे स्थिरावले. इंजिनाच्या प्रवासाचा हा वृत्तांत फलकावर आहे. मार्ग कसा बांधला गेला, हे मला त्या फलकावर कोठेही आढळले नाही.

तो मार्ग ४१५ किलोमीटरचा. ब्रह्मदेशातील जपानी सैन्याला रसद पोहोचावी म्हणून डोंगर-जंगलांतून सुमारे सव्वा वर्षात, ऑक्टोबर १९४३ पर्यंत तो पुरा करण्यात आला. ब्रिटिश, डच, ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांपैकी १२ हजारांहून अधिक त्या कामावर मेले. त्यांची कथा जगाला ठाऊक आहे. क्वाय नदीवरील पुलाचा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. पण त्या कामावर कैद्यांच्या कितीतरी पट अधिक आशियाई मजूर होते: ब्रह्मी, जावी, मलायी आणि मलायातील रबराच्या मळ्यांवरून आणलेले तमिळ. तमिळ मजुरांतील बहुसंख्य लोक गरीब आणि खालच्या मानलेल्या जातींतले होते. पोटासाठी समुद्र ओलांडून मळ्यांवर गेलेले. चांगल्या मजुरीचे आमिष दाखवून काहींना आणले, अनेकांना सरळ पकडून. पटकी, हिवताप, उपासमार यांनी ते मेले. मृतांच्या आकड्याविषयी मतभेद आहेत, परंतु तो ९० हजारांच्या घरात असावा असे सामान्यपणे मानले जाते. अंदाजच करावा लागतो, कारण त्यांची नोंदच ठेवली गेली नाही. युद्धकैद्यांसाठी थायलंडमध्ये कांचनाबुरी येथे दफनभूमी आहे. तेथील सुमारे सात हजार थडग्यांची राष्ट्रकुलाची संस्था निगा राखते. मजुरांना वेगवेगळी थडगी नाहीत.

म्हणजे त्या मार्गाच्या स्मृतीत तीन पायऱ्या झाल्या. ज्यांचे राज्य होते त्यांच्या सैनिकांचे देव झाले. त्यांच्या शत्रूच्या सैनिकांना दगडावर नाव मिळाले. वेठबिगार मात्र मातीत मिसळले. मला तेथे उभ्याउभ्या मंगळवेढा आठवले.

ते का, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. परंपरा अशी आहे की, इ. स. १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या बांधकामावर आसपासचे महार वेठीला धरून आणले होते. त्यांत चोखामेळा होते. भिंत कोसळली आणि माणसे गाडली गेली. पुढे नामदेव आले, त्यांनी ढिगाऱ्यातील हाडे कानाशी लावून पाहिली, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून उचलली आणि पंढरपुरास महाद्वारापाशी समाधी बांधली. चोखोबांविषयी आपल्या चळवळीत मतभेद आहेत आणि ते असावेत. आपल्या स्थितीचा दोष पूर्वजन्मावर टाकण्याची वृत्ती त्यांच्या वाणीत आहे, हे मीही वर्गात सांगतो. तरीही बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला ग्रंथ ज्या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला त्यांत नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळा आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. नामदेवांनी ज्या हाडांतून नाम ऐकू आले नाही म्हणून बाजूला ठेवली, ती कुणाची होती?

संग्रहालयातील आणखी दोन गोष्टींचा उल्लेख करतो. एक म्हणजे नानकिंग. डिसेंबर १९३७ मध्ये त्या शहरात जे घडले त्याला जग हत्याकांड म्हणते. येथे त्याला एक घटना म्हटले आहे आणि सामान्य नागरिकांच्या कत्तलीविषयी मौन पाळले आहे. युद्धानंतर आशियातील देश एकामागून एक स्वतंत्र झाले, हे मात्र ठळकपणे मांडलेले आहे. जणू ते युद्ध आपल्या मुक्तीसाठीच लढले गेले. त्या मुक्तिसेनेच्या वाटेत मार्च १९४४ मध्ये सांगशाक येथे मराठा लाईट इन्फन्ट्रीची चौथी पलटण उभी होती. आपल्याकडच्या गावांतून गेलेली ती शेतकऱ्यांची पोरे इंग्रजांच्या पगारावर होती हे खरे, पण इंफाळ-कोहिमा वाचले त्यात त्यांचा वाटा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे संग्रहालयाबाहेरील न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे स्मारक. टोकियो येथील युद्धगुन्हे न्यायालयातील ११ न्यायाधीशांपैकी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे ते एकटेच. २००५ साली येथे त्यांचे स्मारक उभारले गेले. आमच्यातील तरुणांना तेथे भारतीय चेहरा पाहून अभिमान वाटला आणि छायाचित्रे निघाली. मी त्यांना सांगितले की, पाल यांचे निकालपत्र मोठे आहे आणि त्यात जपानी सैन्याने नागरिकांवर व कैद्यांवर केलेल्या अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे, असेही म्हटलेले आहे. विजेत्यांनी पराभूतांचा न्याय करावा यावर त्यांचा आक्षेप होता. दगडावर माणसाचे अर्धेच म्हणणे कोरता येते, आणि अर्धे कोरले की ते सोयीचे होते.

न्याय म्हणून हेही नोंदवतो की, याच आवारात १९६५ साली बांधलेले एक लहानसे देवघर आहे. जगातील सर्व देशांच्या युद्धमृतांसाठी ते आहे, असे देवालय म्हणते. ते बरीच वर्षे कुंपणाआड होते. यात्रेकरूंचे पाय तिकडे सहसा वळत नाहीत.

हा विहार नव्हे असे मी आक्कांना सांगितले ते खरे होते, पण त्याने बौद्धांची सुटका होत नाही. जपानमधील बहुतेक बौद्ध पंथांनी त्या युद्धांना आशीर्वाद दिले, निधी गोळा केला, मरणाला निर्भयपणे सामोरे जाण्याची शिकवण ध्यानाच्या भाषेत सैनिकांना दिली. सोतो झेन पंथाने १९९२ साली त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. ज्यांनी विरोध केला त्यांची गत काय झाली तेही पाहावे. उचियामा गुदो या झेन भिक्षूला १९११ साली राजद्रोहाच्या खटल्यात फाशी झाली. त्याच खटल्यात ताकागी केनम्यो यांना जन्मठेप झाली. कोयासान ज्या वाकायामा प्रांतात आहे, त्याच प्रांतातील शिंगू गावचे ते धर्मगुरू. त्यांच्या विहाराचे अनेक उपासक बुराकू वस्तीतले होते, म्हणजे जपानचे अस्पृश्य. रशियाविरुद्धच्या युद्धात विजयासाठी प्रार्थना करण्यास त्यांनी नकार दिला होता. त्यांच्या पंथाने त्यांना बहिष्कृत केले. १९१४ मध्ये तुरुंगातच त्यांनी जीवन संपवले. पंथाने त्यांचे स्थान परत दिले ते १९९६ साली, ८२ वर्षांनी. आम्ही बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालून त्याच प्रांतातून परत आलो आणि शिंगूला गेलो नाही. मला तेव्हा त्यांच्याविषयी काहीच ठाऊक नव्हते. ही चुकामूक अजून सलते.

युद्धाविषयी आपल्या परंपरेत सांगण्यासारखे काही आहे काय, असा प्रश्न मुले विचारतात. आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत यांत शोधले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य संघाने कोलियांशी युद्ध पुकारले, सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून त्याला घर सोडावे लागले. पाण्यासाठी भांडणाऱ्या आपल्या तालुक्यात हा प्रसंग शिकवताना फार समजावून सांगावे लागत नाही. दुसरा दाखला सम्राट अशोकाचा. त्याच्या तेराव्या शिलालेखात कलिंगाचे दीड लाख लोक पकडून नेले, एक लाख मारले गेले आणि त्याहून कितीतरी पट मेले, असे कोरलेले आहे. विजेत्याने स्वतःच्या स्मारकावर शत्रूचे मृत मोजलेले आहेत. युशूकानमध्ये तीन तास हिंडून मला असा एकही आकडा सापडला नाही. अर्थात इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढचेही सांगितले पाहिजे. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, हा तेरावा लेख कोरण्यात आला नाही. ज्यांचे आप्त मारले गेले त्यांच्या डोळ्यांपुढे ते लिहिण्याचे धैर्य अशोकालाही झाले नसावे, किंवा ते शहाणपणाचे वाटले नसावे.

आता आपल्या दालनाकडे येतो. त्याच्या मध्यभागी भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभाची प्रतिकृती असावी, यावर सर्वांचे एकमत आहे आणि माझेही आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली तेव्हा तिच्या बोधचिन्हावर तो स्तंभ होता. त्याच्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांत २२ नावे ‘नाक’ प्रत्ययाची आहेत. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत असे त्यांची नावे दगडावर कोरली गेली, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. स्तंभ कंपनीने आपल्या विजयासाठी उभारला आणि त्याच इंग्रजांनी पुढे महारांची लष्करभरती थांबवली, हेही मुलांना सांगितले पाहिजे. १ जानेवारीला तेथे जाणारा आपला माणूस कंपनीसाठी जात नाही. तो स्वतःच्या माणूसपणाची साक्ष शोधत जातो. यासुकुनी आणि कोरेगाव एकाच मापाने मोजणे अन्याय होईल.

परंतु दालनासाठी आलेल्या फलकाच्या मसुद्यात पाचशे महारांनी २८ हजार पेशवाई सैन्य कापून काढले, असे वाक्य आहे. मी ते लिहू शकत नाही. पेशव्याच्या छावणीत तेवढे सैन्य होते. प्रत्यक्ष हल्ल्यात उतरलेले सुमारे दोन हजार. कंपनीच्या तुकडीत महारांबरोबर इतर जातींचे आणि धर्मांचे शिपाईही होते, तोफखाना मद्रासचा होता. दिवसभर अन्नपाण्याविना एवढ्या थोड्या लोकांनी गाव सोडले नाही, हे सत्य पुरेसे मोठे आहे. आणि पेशव्यांच्या बाजूने त्या गल्ल्यांत पडलेले अरब, गोसावी, मराठा शिपाई, त्यांनाही आया होत्या. त्यांचा एक ओळीचा उल्लेख फलकावर असावा, असे मी समितीला सुचवले तेव्हा क्षणभर शांतता पसरली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, ‘‘सर, आपली आठवण अजून लोकांनी मान्य केलेली नाही, आणि तुम्ही त्यांची आठवण ठेवायला निघालात?’’ त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. २०१८ च्या त्याच १ जानेवारीला तेथे आपल्या लोकांवर दगड पडले होते. ज्याच्या स्मृतीवरच हल्ला होतो त्याला औदार्य शिकवणे सोपे नाही. मी गप्प बसलो, पण मत बदललेले नाही. नवव्या इयत्तेतील मुलगा उद्या खरा ग्रंथ उघडील, त्याला खरे आकडे दिसतील आणि मग आपल्या फलकावरील उरलेल्या खऱ्या गोष्टींवरूनही त्याचा विश्वास उडेल.

आणि कोरेगाव मध्यभागी असले तरी दालनाची पहिली भिंत मी सैनिकांना देणार नाही. आपल्या वसतिगृहातील किती मुलांचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांच्या तळांवर जातात, हे प्रवेशाच्या वेळी अर्ज भरून घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. दक्षिण भागातील कोरडवाहू गावांतून येणाऱ्या या मुलांच्या वाड्यावस्त्यांतून सैन्यात गेलेला एखादा असेल. धरणांवर, रस्त्यांवर, उसाच्या फडात आयुष्य घालवलेले सगळेच. त्यांना शौर्य दालनात आपले कुणी दिसू नये काय? प्रवेशद्वारासमोरची भिंत साडेअकरा फुटांची आहे. तेथे गावकुसाचे चित्र असावे आणि शेजारी सयाम-ब्रह्मदेश लोहमार्गाचा नकाशा. चित्र आपल्या चित्रकला शिक्षकांनी काढावयास घेतले आहे. फलकाचा मजकूर मी लिहून दिला आहे, तो असा: ‘इ. स. १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना भिंत कोसळली. वेठीला धरून आणलेली माणसे तिच्याखाली मेली. त्यांत संत चोखामेळा होते. इतरांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.’

शेवटचे वाक्य मुलांना उदास करील, ते वगळावे, अशी सूचना आली आहे. मसुदा पुढच्या बैठकीत पुन्हा येणार आहे. वाक्य मी अद्याप खोडलेले नाही.